निकेल शांत करण्याचं काम

"सून काय करते?" असं कुणी विचारलं की माझ्या सासूबाई सांगायच्या, "नवी मुंबईत पावणे गावाला कंपनीत आहे. हवा लोखंडाला चिकटते का, ते बघते. त्याचा पगार मिळतो." शेवटचं वाक्य त्या जरा खालच्या आवाजात म्हणायच्या. हे कंपनीच्या लक्षात आलं तर पगार बंद होईल, अशी त्यांना मनातून भीती वाटायची. मी पुष्कळदा सांगितलं, की लोखंड नाही हो, निकेल. आणि नुसती हवा नाही, हायड्रोजन, ऑक्सिजन असले वायू. पण एवढं सोडलं तर त्यांचं बरोबरच होतं. नोकरीची सगळी वर्षं मी हेच केलं.

कंपनी लहान होती. दोन शेड, एक भट्टी, सिलिंडरची रांग आणि कोपऱ्यात माझी लॅब. आम्ही निकेलची काळी पावडर बनवायचो. तेलाचं वनस्पती तूप करायचं तर तेलात हायड्रोजन घालावा लागतो, आणि ही दोघं आपण होऊन एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. निकेल मध्ये पडतं आणि जमवून देतं. ते जमतं निकेलच्या पृष्ठभागावर, म्हणून त्या पृष्ठभागावर वायू किती बसतो यावर पावडरीची किंमत. ते मोजणं हे माझं काम.

बाहेरच्या माणसाला हे समजावायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. स्पंज पाणी पितो, पाणी त्याच्या आत जातं, ते शोषण. आरशावर वाफ धरते, ती आत जात नाही, वरच बसते, ते अधिशोषण. निकेलवर वायू असा बसतो. किती बसेल आणि किती घट्ट बसेल, हे मात्र तापमान ठरवतं. कडक थंडीत तो ओट्यावर टेकलेल्या पाहुण्यासारखा असतो, जरा ऊब दिली की उठून चालू लागतो. आणखी ऊब दिली की गंमत होते. तोच वायू आता धातूशी नातं जोडतो, घरात येऊन पाट मांडून बसतो, आणि मग त्याला उठवायला भट्टीच लागते. म्हणजे तापवल्यावर कमी कमी बसायला हवा, तर मध्येच जास्त बसतो. बी.एस्सी.ला हे मी नुसतं पाठ केलं होतं. लॅबमध्ये पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी डबा खायचा राहिला.

डोळ्यांनी पाहिलं म्हणजे पाऱ्यात पाहिलं. माझ्याकडे काचेची लाइन होती. भिंतभर काचेच्या नळ्या, त्यांना कॉक, एका टोकाला पंप आणि दुसऱ्या टोकाला चिमूटभर पावडर घातलेला काचेचा फुगा. पंपाने सगळी हवा काढून टाकायची, मग मोजून थोडा वायू आत सोडायचा आणि पाऱ्याच्या नळीकडे बघत बसायचं. पारा सरकतोय म्हणजे पावडर वायू घेतेय. पारा थांबला म्हणजे तिचं पोट भरलं. मला कंपनीत पारामॅडम म्हणत. त्यात माझ्या स्वभावाचाही वाटा होता, हे मी नाकारत नाही.

निकेल चुंबकाला चिकटतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. आमच्याकडे एका मोडक्या लाउडस्पीकरमधून काढलेलं चुंबक होतं. भट्टीतून नमुना आला की काचेच्या नळीला बाहेरून ते लावायचं. पावडर अंगावर काटा आल्यासारखी उभी राहिली की समजायचं, धातू तयार झाला. आणि या धातूवर वायू बसला की त्याची चुंबकाची ओढ किंचित कमी होते. डोळ्याला न दिसणारा वायूचा थर, पण चुंबकाला कळतो. या एका गोष्टीसाठी मला माझं काम आवडायचं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

वाशीचा एक व्यापारी मात्र या चुंबकाने मला छळायचा. तो पँटच्या खिशात स्वतःचं चुंबक घेऊन यायचा आणि ज्या पावडरीला जास्त ओढ तीच घ्यायचा. बारीक, चांगल्या पावडरीत कण इतके लहान की जवळजवळ सगळा पृष्ठभागच, म्हणून तिची ओढ कमी असते, हे त्याला पटेना. शेवटी मी म्हणाले, "शेठ, ही तेलात घालायची आहे की फ्रिजच्या दारावर लावायची आहे?" तो पोट धरून हसला आणि कमी ओढीची, बारीक पावडर घेऊन गेला.

पण खरी अडचण दुसरीच होती. भट्टीतून निघालेलं निकेल भुकेलं असतं. त्याला एकदम हवा लागली तर ते ऑक्सिजनवर असं तुटून पडतं की लाल होऊन पेटतं. म्हणून आम्ही ते पाण्याखाली ठेवून पाठवायचो. इचलकरंजीकडच्या एका कारखान्याच्या स्टोअरकीपरने "माल ओला आलाय" म्हणून ते गच्चीवर सतरंजी अंथरून वाळवणासारखं पसरलं. सतरंजी गेली, गच्चीचा रंग गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, "मॅडम, तुमच्या मालाला उन्हाची ॲलर्जी आहे का?"

त्या प्रकरणानंतर आम्ही कोरडा माल करायला लागलो. भट्टी थंड झाली की नायट्रोजनमध्ये अगदी थोडी हवा मिसळून पावडरीवरून हळूहळू सोडायची. ऑक्सिजनचा पातळ थर बसतो, निकेलची वरवरची भूक भागते, आणि मग त्याला उघड्यावर आणलं तरी ते पेटत नाही. कंपनीत याला "शांत करणं" म्हणत. दुसऱ्या टोकाने ऑक्सिजन तसाच बाहेर पडू लागला की समजायचं, आता ते घेत नाही, शांत झालं. घरी मुलगा रडत असला की माझ्या तोंडूनसुद्धा "थोडी थोडी हवा दे रे त्याला" असं निघून जायचं.

हे शांत करण्याचं काम हसुराम म्हात्र्यांकडे होतं. म्हात्रे पावण्याचेच, गावातले. आमची शेड उभी राहिली ती त्यांच्या आजोबांच्या भातशेतावर, आणि जमीन गेलेल्या घरातला माणूस म्हणून त्यांना नोकरी मिळालेली. "मॅडम, तुमची लॅब हाय ना, तिथं आमचं खलं व्हतं," असं ते मला महिन्यातून एकदा तरी सांगायचे. मी म्हणायचे, "म्हणजे मी तुमच्या खळ्यावर पाखडत बसते." त्यांना ते फार आवडायचं. कॉक फिरवताना ते श्वास रोखून धरायचे आणि हवा नीट लागली की सोडायचे. मला तो आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

शांत करताना भट्टी बाहेरून पाण्याने थंड ठेवावी लागते. एमआयडीसीच्या नळाचं पाणी उन्हाळ्यात मुळातच कोमट, त्यामुळे फार जपून, फार वेळ काम करावं लागायचं. एका वर्षी आमच्या शेठनी, कंपनीच्या मालकांनी, गार पाण्याचा चिलर घेतला. त्याला हार घातला, नारळ फोडला, सगळ्यांना पेढे दिले. म्हात्रे सगळ्यात खूश, कारण भट्टीपाशी सगळ्यात जास्त तेच भाजून निघायचे. आता भट्टी गारेगार, हवा सोडली तरी तापमान ढिम्म हलत नव्हतं, आणि काम निम्म्या वेळात होत होतं.

चिलर आल्यावरची पहिली मोठी बॅच नेमकी गावदेवीच्या जत्रेच्या दिवशी आली. चैत्रातली जत्रा, आणि पालखीचा पुढचा उजवा खांदा म्हात्र्यांच्या घराचा. तो मान त्यांच्याकडे वडिलांकडून आला होता. एरवी ते त्या दिवशी रजा घ्यायचे. पण सिलिंडरचा ट्रक उशिरा आला, सगळं काम पुढे ढकललं गेलं, आणि पालखी आमच्या शेडमागच्या रस्त्याला लागली तेव्हा म्हात्रे कॉकवर होते. ढोल जवळ आले तसे त्यांचे पाय ठरेनात. त्यांनी हाताखालच्या कांबळेला कॉक दिला, "हलवू नको, नुसता बघ," एवढं सांगितलं आणि पळाले. गावाच्या वेशीपर्यंत खांदा देऊन परत आले. अंगभर गुलाल, हातात माझ्यासाठी प्रसादाचं खोबरं. बॅच शांत झाली, पिंपं भरली, माल निघाला.

माल परदेशी जायचा होता, म्हणून पिंपं बंदराजवळच्या, द्रोणागिरीच्या गोदामात गेली. पत्र्याची शेड, वर चैत्राचं ऊन. तिथे तपासणीसाठी एका पिंपाचं झाकण उघडून परत लावलं, आणि दुपारपर्यंत ते पिंप तापायला लागलं. बाहेरचा रंग फुगला, आतली प्लास्टिकची पिशवी वितळली. गोदामातल्या लोकांनी वाळू टाकून ते सांभाळलं. कुणाला काही झालं नाही, पण बातमी आमच्याकडे आली तेव्हा शेठचा चेहरा पांढरा पडला होता.

त्यांनी सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं. "शांत करताना कॉकवर कोण होतं?"

कांबळे जमिनीकडे बघायला लागला. म्हात्रेच पुढे झाले. "मीच व्हतो शेठ. पन मधी पालखीला गेलो व्हतो. चूक माजी हाय."

"गोदामात तापलं म्हणून वाचलो. बोटीवर तापलं असतं तर?" शेठ ओरडले नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटली. "उद्यापासून येऊ नका म्हात्रे. पुढचं मी बघतो."

म्हात्रे लॅबच्या दारात आले. "येतो मॅडम."

माझा पारा चढलाच. "कुठे निघालात? ते पिंप का तापलं ते अजून मला कळलं नाही, तर तुम्हाला कसं कळलं?"

"देवीनं दावलं ना. तिच्याकडं जावासाठी काम टाकलं, त तिलाबी नाय आवडलं."

ते गेले. आजोबांच्या शेतावर मिळालेली नोकरी, ती त्यांनी एका वाक्यात देऊन टाकली होती. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. मी सगळी कामं बाजूला सारली.

विचार साधा होता. म्हात्रे नसताना हवा कमी गेली असेल, किंवा कॉक लवकर बंद झाला असेल, तर निकेल अर्धवट भुकेलं राहिलं असणार. मग ज्या गारव्यात त्याला शांत केलं, त्याच गारव्यात मी पुन्हा ऑक्सिजन दिला तर ते आणखी घेईल. प्रत्येक बॅचचा नमुना मी बंद नळीत राखून ठेवायचे. त्यातली चिमूटभर पावडर फुग्यात घातली, फुगा चिलरच्या पाण्याइतक्या गार पाण्यात बुडवला, हवा ओढून काढली, ऑक्सिजन सोडला आणि बघत बसले. पारा हलला नाही. मी काचेवर टिचकी मारली, पुन्हा बघितलं. तो जागचा हलला नाही. म्हणजे त्या गारव्यात पावडरीचं पोट पूर्ण भरलेलं होतं. कॉकवर म्हात्रे होते, कांबळे होता की आणखी कुणी, काम चोख झालं होतं.

मग मी गार पाणी काढून घेतलं आणि गोदामातल्या दुपारइतकं गरम पाणी फुग्याखाली धरलं. काही क्षण काही नाही. आणि मग पारा निघाला. सावकाश, पण थांबेचना. जी पावडर गारव्यात "नको, पुरे" म्हणत होती, ती उबेत पुन्हा मागायला लागली होती. गारव्यात बसलेला थर फारच पातळ होता, उबेला पुरला नाही. माझ्या चिमटीतली पावडर तेवढ्याने तापत नाही, पण झाकण उघडून हवा मिळालेल्या भरल्या पिंपात ऊब बाहेर पडायला वाट नसते. तापतं म्हणून जास्त घेतं, आणि घेतं म्हणून जास्त तापतं. खात्रीसाठी मी चिलरच्या आधीची, नळाच्या कोमट पाण्यावर शांत केलेली जुनी पावडर घेतली आणि तिलाही तसंच गरम पाणी दाखवलं. पारा जेमतेम हलला आणि थांबला. चुंबकानेही तेच सांगितलं: जुन्या पावडरीची ओढ कमी, नव्या पावडरीची जास्त, म्हणजे नवीत न झाकलेला धातू जास्त उरलेला.

मी आकडे वहीत लिहिले आणि शेठना बोलावून सगळं पुन्हा करून दाखवलं. पारा सरकताना त्यांनी स्वतः पाहिला.

"मग चूक कुणाची?"

"थंडीची," मी म्हणाले. "आपल्याला वाटलं जेवढं गार तेवढं बरं. शेवटी कोमट पाणी फिरवून, उरलेली भूक भागवून मगच हवा बंद करायला हवी होती. हे आपल्यापैकी कुणालाच सुचलं नाही."

शेठ खडूस होते, पण दगड नव्हते. संध्याकाळच्या आत त्यांनी म्हात्र्यांच्या घरी माणूस पाठवला. तेव्हापासून आम्ही शेवटी कोमट पाणी फिरवायला लागलो, आणि त्यानंतर आमचं एकही पिंप कुठे तापलं नाही. कौतुक करून घ्यावं असं माझ्या नोकरीत फार काही नाही, पण हा प्रयोग आहे. त्याच्या कुठल्याच टोकाला बोट ठेवायला जागा नव्हती.

म्हात्रे परत आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम लॅबमध्ये बसवलं आणि गार-गरम सगळं करून दाखवलं. "बघा, हलतोय ना पारा? तुम्ही पालखीला गेला नसतात तरी पिंप तापलंच असतं."

"व्हय मॅडम. हलतो हाय." त्यांनी मन लावून पाहिलं. मग जाताना दारात थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माज्यासाठी तुमी येवढं खोटं लिवलंत. मी कुनाला नाय सांगनार."

मी कपाळावर हात मारला. पुन्हा समजावलं, त्यांनी पुन्हा मान डोलावली. पण ती मान, मोठ्या माणसाने आपल्यासाठी केलेली गोष्ट उघड बोलायची नसते, अशा समजूतदारपणाने डोलत होती. पुढे वर्षानुवर्षं हेच चाललं. आगळीक कुणाचीही झाली की म्हात्रे त्याला म्हणायचे, "मॅडमकडं जा. माज्यासाठी त्यांनी पारा हलवला व्हता." लोक हसायचे, मीही हसायचे. आतून मात्र चिडायचे. नोकरीभर मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता, आणि या माणसाच्या लेखी माझा सगळ्यात खरा आकडाच खोटा ठरला होता.

म्हात्रे निवृत्त झाले, मग मी झाले. शेठ वारले आणि मुलांनी कंपनी बंद केली. काचेची लाइन उतरवली तेव्हा मला बोलावलं होतं, मी गेले नाही. आता त्या जागी ऑनलाइन खरेदीच्या खोक्यांचं गोदाम आहे. जुईनगरहून रिक्षाने त्या बाजूला गेले की मी मुद्दाम दुसरीकडे बघते.

मागच्या चैत्रात कळलं की म्हात्र्यांना लकवा मारला. भेटायला गेले तो नेमका जत्रेचा दिवस होता. त्यांचं घर आता चार मजली, खाली भाडेकरू, वर हे. खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. मला बघून डोळे मात्र तसेच हसले. लांबून ढोल ऐकू येत होते.

चहा ठेवायला म्हात्रेवहिनी आत गेल्या, मीही मागोमाग गेले. सहज म्हणाले, "यंदा खांदा देता येणार नाही म्हणून म्हात्रे उदास असतील."

वहिनी चहाचं आधण सोडून वळल्या. "खांदा कुठं देतान ते? ते पिंप तापलं ना, त्या वर्सापासून नाय दिला. मान भावाला दिला. पालखी दारात आली तरी खाली उतरत नाय. गच्चीवर उबं राहून बघतान. म्हनतान, मी काम टाकून गेलो, देवीला नाय चाललं. मॅडमनी वाचवलं, पन देवीला काय खोटं सांगनार?"

इतकी वर्षं मी ज्याला विनोद समजत होते, त्याच्यापायी हा माणूस दर चैत्रात गच्चीवर उभा राहत होता. आणि हे मला कधी कळलं नाही, कारण मी नेहमी पाऱ्याबद्दलच बोलत राहिले.

चहा घेऊन बाहेर आले. म्हात्र्यांनी डाव्या हाताने जवळ बोलावलं. "मॅडम, आता शेठ नाय, कंपनी नाय. आता तरी सांगा. तवा तुमी खोटंच लिवलं व्हतं ना?"

आजवर दर वेळी मी ताडकन "नाही" म्हटलं होतं. तेच खरं होतं. पण आज "नाही" म्हणायचं म्हणजे काय सांगायचं? की म्हात्रे, तुमचं काहीच चुकलं नव्हतं, देवी कधी रागावलीच नव्हती, इतक्या वर्षांच्या पालख्या तुम्ही उगाच वरून पाहिल्यात. आणि आता तो उजवा खांदा उचलतही नव्हता.

"हो," मी म्हणाले. "लिहिलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "मंग येवढी वर्सं मी खांदा नाय दिला. फिटलं असंल ना?"

"फिटलं म्हात्रे. केव्हाच फिटलं."

"आयकलंस काय गो?" त्यांनी जड जिभेने वहिनींना हाक मारली. "मी सांगत नव्हतो? आज कबूल झाल्या मॅडम!" इतका खूश झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मला रडू येत होतं, आणि ते लपवायला मी कपात तोंड घातलं.

ढोल गल्लीत शिरले. म्हात्रे मुलाला म्हणाले, "मना खाली ने. दारात बसतो."

मुलगा आधी आईकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने आणि भाडेकरूच्या पोराने मिळून त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. मी मागून चपला हातात घेऊन उतरले. पालखी दारात आली. म्हात्र्यांनी डावा हात वर केला, तो दांड्याला पुरेना. पुढच्या उजव्या खांद्यावर त्यांचा भाऊ होता. त्याने पाहिलं आणि बाकीच्यांना काहीतरी सांगितलं, आणि चौघांनी गुडघे वाकवून पालखी खाली घेतली, त्यांच्या हाताएवढी.